सभासदाचा नकार आणि संगणकातील नोंद : सभासदत्व व्यवस्थापन प्रणालीतील ईमेल-पसंतीचे स्वरूप

बीजसंज्ञा : सभासदत्व व्यवस्थापन, ईमेल, संपर्क-पसंती, ऑप्ट-आउट, संमती, सभेची नोटीस

प्रस्तावना :

कोणत्याही सभासद-संस्थेचा सभासदांशी होणारा पत्रव्यवहार एकजिनसी नसतो. वर्गणीची पावती, मुदत संपत आल्याची सूचना, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस, मासिक वार्तापत्र, व्याख्यानमालेचे निमंत्रण, इमारत निधीसाठी आवाहन आणि क्वचित एखाद्या प्रकाशकाची सवलत योजना असा सारा मजकूर एकाच संस्थेच्या नावाने, बहुधा एकाच पत्त्यावरून, सभासदाच्या ईमेल-पेटीत येऊन पडतो. या गर्दीला कंटाळून सभासद ईमेलच्या तळाशी असलेल्या दुव्यावर टिचकी मारतो आणि 'नको' असे कळवितो. त्याने नेमके काय नाकारले, हा प्रश्न तेथून सुरू होतो.

त्याच्या मनात 'हे वार्तापत्र नको' एवढेच असू शकते. 'संस्थेचा कोणताही प्रचार नको' असेही असू शकते. 'या पत्त्यावर नको, दुसऱ्या पत्त्यावर चालेल' असेही असू शकते. संगणकाला यांपैकी कोणता अर्थ कळतो, हे त्या दुव्यामागील रचनेवर अवलंबून असते. रचना भरड असेल तर दोनच परिणाम संभवतात. एक तर नकार देऊनही ईमेल येतच राहतात. किंवा सभेची नोटीसही थांबते, आणि सभा होऊन गेल्यावर, मतदानाची वेळ टळल्यावर, सभासदाला ती झाल्याचे कळते. पहिला दोष उपद्रवाचा आहे. दुसरा हक्काचा आहे, आणि तो अधिक गंभीर असूनही त्याची चर्चा कमी होते.

प्रस्तुत लेखात ही रचना समजावून देण्यासाठी सिव्हीसीआरएम या प्रणालीचे उदाहरण घेतले आहे. २००५ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध झालेली ही मुक्तस्रोत प्रणाली बिगर-नफा संस्था, संघटना आणि सभासद-मंडळे यांच्यासाठी तयार करण्यात आली. तिची संकेतावली व दस्तऐवज सर्वांना खुले असल्याने 'आत काय घडते' हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर न विसंबता तपासून पाहता येते. इतर प्रणालींत नावे व चौकटी वेगळ्या असतात. प्रश्न मात्र तेच असतात.

पार्श्वभूमी :

टपालाच्या काळात सभासदाला किती पत्रे पाठवावीत याचे उत्तर संस्थेचा खजिनदार देत असे. प्रत्येक लिफाफ्याला कागद, छपाई आणि तिकीट लागे. ईमेलने हा अटकाव नाहीसा केला. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन संगणक कंपनीच्या गॅरी थुअर्क यांनी आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच संदेशाने पाठविले. अनाहूत घाऊक ईमेलचे हे पहिले उदाहरण मानले जाते. ते मिळालेल्यांकडे तक्रार करण्याखेरीज दुसरे साधन नव्हते. 'मला वगळा' असे सांगण्याची कोणतीही ठरलेली जागा त्या संदेशात नव्हती.

अशी जागा कायद्याने निर्माण करण्यास पाव शतक लागले. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा २००३ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. त्यानुसार व्यापारी स्वरूपाच्या ईमेलमध्ये नकार कळविण्याची सोय आणि पाठविणाऱ्याचा टपालाचा पत्ता असणे आवश्यक आहे. ती सोय संदेश पाठविल्यानंतर किमान ३० दिवस चालू राहिली पाहिजे. आणि कळविलेला नकार कामकाजाच्या १० दिवसांत अंमलात आणला पाहिजे. नकारासाठी शुल्क घेता येत नाही किंवा ईमेल पत्त्यापलीकडील वैयक्तिक माहितीही मागता येत नाही. हा कायदा 'आधी पाठवा, नको म्हटल्यास थांबा' या तत्त्वावर उभा आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने याउलट 'आधी विचारा, मग पाठवा' हे तत्त्व स्वीकारले. दोन्ही तत्त्वांची छाया आजच्या प्रणालींवर पडलेली दिसते. नोंदणी-अर्जात संमतीची चौकट असते ती दुसऱ्या तत्त्वामुळे, आणि ईमेलच्या तळाशी दुवा असतो तो मुख्यतः पहिल्यामुळे.

नकाराची नोंद कोठे होते :

सिव्हीसीआरएममध्ये प्रत्येक व्यक्तीची एक संपर्क-नोंद असते. या नोंदीवर 'ईमेल नको', 'दूरध्वनी नको', 'टपाल नको', 'एसएमएस नको' आणि 'माहिती इतरांना देऊ नये' अशा अर्थाच्या स्वतंत्र चौकटी असतात. यांच्याशेजारी 'घाऊक ईमेल नको' ही आणखी एक चौकट असते. वरवर पाहता 'ईमेल नको' आणि 'घाऊक ईमेल नको' या एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या वाटतात. तसे नाही. 'ईमेल नको' ही खूण सर्वसाधारणपणे कार्यालयातील कर्मचारी, सभासदाने सांगितल्यावरून, करतो. ती असताना घाऊक संदेश तर थांबतातच, पण कर्मचाऱ्याला त्या नोंदीवरून साधी व्यक्तिगत ईमेलही पाठविता येत नाही. 'घाऊक ईमेल नको' ही खूण मुख्यतः सभासद स्वतः दुव्याद्वारे करतो. ती केवळ घाऊक प्रेषणापुरती आहे. असा सभासद कार्यालयाशी पत्रव्यवहार करू शकतो आणि त्याला उत्तरही जाऊ शकते.

येथेच पहिला घोटाळा होतो. चिडलेल्या सभासदाचा दूरध्वनी आला की कार्यालयातील लिपिक दिसेल त्या चौकटीत खूण करतो, आणि ती बहुधा 'ईमेल नको' हीच असते, कारण यादीत ती ठळकपणे आढळते. सभासदाने वार्तापत्र नाकारलेले असते. नोंद मात्र सर्वच ईमेल नाकारल्याची होते. हा दोष प्रणालीचा नव्हे. पण दोन चौकटींतील फरक प्रशिक्षणात एकदा तरी सांगितला गेला नसेल, तर तो लिपिकाचाही म्हणता येणार नाही.

याच पडद्यावर 'संपर्काचे पसंतीचे माध्यम' असेही एक रकाना असतो. त्यात सभासदाने 'टपाल' निवडले म्हणून ईमेल थांबत नाही. तो रकाना माहितीपुरता आहे. त्याचा उपयोग करून वेगळी यादी काढावयाची झाल्यास ती कोणीतरी काढावी लागते. पसंती आणि मनाई या दोन भिन्न गोष्टी असून केवळ मनाईच यंत्राकडून पाळली जाते, हे सभासदाला अर्ज भरताना क्वचितच सांगितले जाते.

नकाराचा दुसरा स्तर गटाचा. वार्तापत्राचे वाचक, ग्रंथालय विभाग, युवा शाखा असे गट करून त्यांना ईमेल पाठविली जाते. सभासद गटात 'समाविष्ट', 'प्रलंबित' किंवा 'वगळलेला' अशा तीन अवस्थांत असू शकतो. संकेतस्थळावरून कोणी वार्तापत्रासाठी नाव नोंदविले तर ते आधी 'प्रलंबित' राहते. त्या पत्त्यावर गेलेल्या पडताळणी-संदेशाला होकार मिळाल्यावरच ते 'समाविष्ट' होते. कोणीतरी खोडसाळपणे दुसऱ्याचा पत्ता नोंदविल्यास तो आपोआप गाळला जावा, हा या दुहेरी पायरीचा हेतू. 'वगळलेला' ही अवस्था विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सभासद गटातून बाहेर पडला की त्याची नोंद गटातून पुसली जात नाही, तर 'येथे होता, बाहेर पडला' अशी तारखेसह राहते. पुढे कोणी शंका घेतल्यास पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

तिसरा स्तर पत्त्याचा. एकाच व्यक्तीचे घरचे व कार्यालयाचे असे दोन पत्ते असतील, तर त्यांपैकी एक पत्ता 'स्थगित' करता येतो. व्यक्ती स्थगित होत नाही. एका विशिष्ट मांडणीत नकारही व्यक्तीऐवजी पत्त्याला लावता येतो. हे तिन्ही स्तर एकाच वेळी लागू असतात, आणि घाऊक संदेशाची यादी बनविताना प्रणाली त्या सर्वांची चाळणी लावते. मृत म्हणून नोंद झालेल्या व्यक्तीही तेथेच गळतात. दिवंगत सभासदाच्या घरी वर्धापनदिनाचे निमंत्रण गेल्यावर होणारी शरम ज्या संस्थांनी अनुभवली आहे, त्यांना या शेवटच्या चाळणीचे मोल सांगावे लागत नाही.

दोन दुवे, दोन अर्थ :

घाऊक ईमेलच्या तळाशी दोन प्रकारचे दुवे घालता येतात. पहिल्याने सभासद ज्या गटामार्फत ती ईमेल आली त्या गटातून बाहेर पडतो. दुसऱ्याने त्याच्या संपर्क-नोंदीवर 'घाऊक ईमेल नको' ही खूण होते आणि सर्वच गटांचे घाऊक संदेश थांबतात. यांपैकी निदान एक दुवा आणि संस्थेचा टपालाचा पत्ता मजकुरात असल्याखेरीज प्रणाली मूळ मांडणीत घाऊक ईमेल पाठवू देत नाही. हा अटकाव प्रशासकाला काढून टाकता येतो. पण तो काढावा असे वाटण्याचे सबळ कारण क्वचितच आढळते.

गटाच्या दुव्याचा अर्थ गटाच्या आखणीइतकाच स्पष्ट असतो. समजा, एखाद्या ग्रंथालयाने 'सर्व सभासद' असा एकच गट केला आणि वार्तापत्र, निधी-आवाहन व सभेची नोटीस हे सर्व त्याच गटाला पाठविले. सभासदाने वार्तापत्राच्या तळाशी असलेला सौम्य वाटणारा दुवा वापरला, तरी परिणाम संपूर्ण नकाराचाच होतो, कारण बाहेर पडण्यासाठी दुसरा गटच नाही. उलट पंचवीस बारीक गट केले तर सभासदाला पंचवीस वेळा 'नको' म्हणावे लागते, आणि तिसऱ्या वेळी तो ईमेल 'स्पॅम' म्हणून चिन्हांकित करतो. गटांची आखणी ही संगणक-तंत्रज्ञाची बाब समजली जाते. वास्तविक ती कार्यकारिणीने बसून ठरविण्याची बाब आहे, कारण सभासदाला कशाकशापुरता नकार देता यावा हेच त्यातून ठरते.

प्रणालीत शोधावर आधारित गटही असतात. 'पुण्यातील, वर्गणी भरलेले, साठीवरील सभासद' अशी अट दिली की अट पूर्ण करणारे सर्व त्या गटात आपोआप येतात. अशा गटातून कोणी बाहेर पडले तर अट अद्याप पूर्ण होत असूनही 'वगळलेला' ही नोंद अटीवर मात करते. मात्र एखाद्या दिवशी तात्पुरता शोध घेऊन त्याच निकालाला ईमेल पाठविली, तर तेथे बाहेर पडण्यासारखा कायम गटच नसतो. म्हणून अशा वेळी प्रणाली पाठविणाऱ्याला एक 'बाहेर पडण्याचा गट' निवडावयास लावते. घाईत असलेला सचिव यादीतील पहिले नाव निवडून पुढे जातो, आणि काही सभासद भलत्याच गटातून वगळले जातात. पुढे महिनोनमहिने त्यांना निमंत्रणे का जात नाहीत हे कोणालाच उमगत नाही.

परत येणारी ईमेल :

सभासदाने न दिलेला नकारही प्रणाली नोंदविते. पत्ता बंद पडला, पेटी भरली किंवा समोरच्या सर्व्हरने संदेश नाकारला, तर ईमेल परत येते. कोणाची ईमेल परत आली हे ओळखण्यासाठी प्रत्येक संदेशाला परतीचा वेगळा सांकेतिक पत्ता दिलेला असतो. त्यावरून व्यक्ती व संदेश दोन्ही कळतात. परत येण्याच्या कारणानुसार सहनशीलता ठरलेली असते. मूळ मांडणीत पत्ता अस्तित्वातच नसल्यास एका परतीनंतर, पेटी भरलेली असल्यास तीन परतींनंतर, आणि 'मी रजेवर आहे' अशी स्वयंचलित उत्तरे येत असल्यास तीस वेळांनंतर तो पत्ता स्थगित होतो. हे आकडे बदलता येतात.

स्थगिती म्हणजे नकार नव्हे. पण परिणाम तोच होतो, आणि सभासदाला त्याची कल्पना नसते. ज्येष्ठ सभासदाची ईमेल-पेटी नातवंडांच्या छायाचित्रांनी भरून वाहू लागली, तीन वार्तापत्रे परत आली, की पुढील ईमेल त्या पत्त्यावर जाणे बंद होते. पेटी नंतर रिकामी केली तरी स्थगिती आपोआप उठत नाही. स्थगित पत्त्यांचा अहवाल प्रणालीत उपलब्ध असतो. तो दर तिमाहीस काढून अशा सभासदांना एक दूरध्वनी करणे हे काम मोठे नाही. पण ते कोणाच्या कामाच्या यादीत लिहिलेले नसेल तर होत नाही.

नोटीस आणि प्रचार यांतील भेद :

सभेची नोटीस ही संस्थेने सभासदावर केलेली मेहेरबानी नसून ते तिचे कर्तव्य आहे. कॅन-स्पॅम कायद्यानेही सभासदत्वाच्या अटींतील बदल, खात्याची स्थिती, झालेल्या व्यवहाराची पोच यांसारख्या संदेशांना 'व्यवहार वा संबंधविषयक' असा वेगळा वर्ग देऊन व्यापारी ईमेलच्या नकारापासून दूर ठेवले आहे. भारतात कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १०१ नुसार सर्वसाधारण सभेची किमान २१ पूर्ण दिवसांची नोटीस लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून द्यावी लागते. कलम ८ खाली नोंदलेल्या धर्मादाय स्वरूपाच्या कंपन्यांसाठी २०१५ च्या अधिसूचनेने ही मुदत १४ दिवस करण्यात आली. २०१४ च्या संबंधित नियमांतील नियम १८ अधिक बोलका आहे. सभासदाला ईमेल पत्ता नोंदविण्याची व बदलण्याची संधी आर्थिक वर्षातून किमान एकदा दिली पाहिजे. वापरलेल्या यंत्रणेतून किती जणांना व कोणाकोणाला नोटीस गेली याची नोंद निघाली पाहिजे. आणि न पोहोचलेल्या व पुन्हा पाठविलेल्या नोटिसांची नोंदही पाठविल्याचा पुरावा म्हणून जपली पाहिजे. त्याच अधिनियमाच्या कलम २० मध्ये सभासदाला विशिष्ट माध्यमातून कागदपत्रे मागण्याची मुभा आहे; त्यासाठी सभेने ठरविलेले शुल्क त्याला द्यावे लागते. संपर्क-पसंती ही केवळ सोयीची चौकट नसून कायद्याने मान्य केलेली मागणी असू शकते, हे यावरून दिसते.

महाराष्ट्रातील बहुसंख्य वाचनालये, मंडळे व शिक्षणसंस्था कंपन्या नाहीत. त्या संस्था नोंदणी अधिनियम, १८६० व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदलेल्या असतात, आणि नोटिशीची पद्धत त्यांच्या घटनेत लिहिलेली असते. कित्येक घटना ईमेलपूर्व काळातील असल्याने त्यांत टपाल, हस्ते बटवडा किंवा सूचनाफलक यांचाच उल्लेख आढळतो. अशा संस्थेने घटनादुरुस्ती न करता केवळ ईमेलवर नोटीस पाठविली, तर प्रणालीतील चौकट कितीही अचूक असली तरी सभेच्या वैधतेचा प्रश्न उरतोच.

आता नोटीस घाऊक प्रेषणाच्या यंत्रणेतून पाठविली असता काय होते ते पाहावे. ज्यांनी 'घाऊक ईमेल नको' असे कळविले ते सर्व चाळणीत गळतात. प्रणालीच्या दृष्टीने नोटीस व वार्तापत्र यांत फरक नाही, दोन्ही घाऊकच. पडद्यावर प्राप्तकर्त्यांची संख्या दिसते, पण गळालेल्यांची यादी आपणहून समोर येत नाही. पाच हजार सभासदांपैकी तीनशे गळाले असतील, तर सचिवाला 'चार हजार सातशे' हा आकडा दिसतो आणि तो पुरेसा मोठा वाटतो. ज्यांनी संस्थेच्या निधी-आवाहनांना कंटाळून नकार दिला ते बहुधा संस्थेच्या कारभारावर नाराज असलेलेच असतात. नेमके तेच सभेत नसतात. कोणीही लबाडी केलेली नसताना निवडणुकीचा कौल अशा रीतीने झुकू शकतो.

यावर प्रणालीबाहेरचा उपाय करावा लागतो. सभेच्या नोटिशीसाठी स्वतंत्र शोध घेऊन नकार दिलेले, 'ईमेल नको' असलेले आणि स्थगित पत्त्यांचे सभासद वेगळे काढावेत आणि त्यांना टपालाने नोटीस पाठवावी, ही पद्धत जुनी वाटली तरी निर्दोष आहे. मुदत संपल्याची स्मरणपत्रे सिव्हीसीआरएममध्ये घाऊक प्रेषणातून जात नाहीत. ठरलेल्या दिवशी जाणारी ती वेगळी यंत्रणा आहे. म्हणून वार्तापत्र नाकारलेल्या सभासदाला वर्गणीचे स्मरण होऊ शकते. नोटिशीसाठीही अशी वेगळी वाट वापरता येईल, परंतु मग त्या वाटेने केवळ नोटीसच जाईल हे पथ्य पाळावे लागेल. नोटिशीच्या खाली 'ता. क.' म्हणून देणगीचे आवाहन जोडले की तिचे स्वरूप बदलते, आणि सभासदाचा नकार मागच्या दाराने मोडला जातो.

संमतीचे कायदे आणि सभासद :

कॅनडाचा अनाहूत संदेशांविरुद्धचा कायदा १ जुलै २०१४ रोजी अंमलात आला. त्याने क्लब, संघटना व स्वयंसेवी संस्था यांच्या सभासदांची संमती गृहीत धरण्यास मुभा दिली आहे. सभासदत्व संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत ती टिकते. कॅनडातील बिगर-नफा मराठी मंडळांनी सभासदांना नाट्यप्रयोगाच्या तिकिटविक्रीचे संदेश पाठविताना ही मुदत मोजणे आवश्यक ठरते. म्हणजे सभासदत्व संपल्याची तारीख अचूक नोंदलेली असली पाहिजे. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, हे त्याचे सूत्र. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही संमती मागे घेण्याची सुलभता संमती देण्याच्या सुलभतेशी तुल्य असावी असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संस्थांवरील प्रमुख जबाबदाऱ्यांसाठी अधिसूचनेपासून १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे.

अनेक सभासदांचा असा समज असतो की १९०९ वर 'डू नॉट डिस्टर्ब' नोंदविले की ईमेलही थांबतील. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची ती व्यवस्था दूरध्वनी व एसएमएस यांपुरती आहे. ईमेलसाठी भारतात अशी मध्यवर्ती नकार-नोंदवही नाही. प्रत्येक संस्थेकडे वेगळा नकार नोंदवावा लागतो.

पुसणे आणि लक्षात ठेवणे :

'माझे नाव काढून टाका' अशी मागणी आली की संपूर्ण नोंद पुसून टाकणे हा अनेक कार्यालयांना प्रामाणिक मार्ग वाटतो. परंतु नोंदीबरोबर नकारही पुसला जातो. सहा महिन्यांनी जुन्या शिबिराची नावे एक्सेल तक्त्यातून प्रणालीत भरली जातात, तोच पत्ता नव्या नोंदीच्या रूपाने परत येतो, आणि पुढील वार्तापत्र पुन्हा त्या व्यक्तीला जाते. नकार पाळावयाचा तर तो लक्षात ठेवावाच लागतो; त्यासाठी निदान पत्ता व नकाराची खूण एवढे तरी शिल्लक ठेवणे भाग आहे.

तक्ता भरताना आधीची नोंद ओळखण्याचे नियम असतात. नियम केवळ ईमेल पत्त्यावर बेतलेला असेल तर ओळख सहसा पटते. नाव व आडनावही जुळावे असा नियम असेल, तर मराठी कार्यालयांत एक खास अडचण उद्भवते. जुनी नोंद रोमन लिपीत, नवी देवनागरीत. किंवा दोन्ही रोमन लिपीत, पण आडनावाचे वर्णलेखन दोन प्रकारचे. यंत्राला या दोन व्यक्ती वाटतात. एका नोंदीवर नकार असतो, दुसरीवर नसतो.

कुटुंबाचा एकच ईमेल पत्ता असणे हीसुद्धा आपल्याकडील नित्याची गोष्ट. पती-पत्नी दोघेही आजीव सभासद, पत्ता एकच. किंवा वडिलांच्या नोंदीवर परगावी असलेल्या मुलाचा पत्ता. सिव्हीसीआरएममधील नकार मूळ मांडणीत व्यक्तीला लागतो, पत्त्याला नव्हे. पतीने नकार दिला तरी पत्नीच्या नोंदीमुळे त्याच पेटीत वार्तापत्र येत राहते, आणि संस्था नकार पाळत नाही अशी तक्रार येते. एकाच पत्त्यावर दोन प्रती जाऊ नयेत अशी सोय आहे, परंतु तिने दोनाऐवजी एक प्रत जाते, शून्य नव्हे. याला काटेकोर उत्तर नाही. तक्रार आल्यावर कर्मचाऱ्याने त्या पत्त्याच्या सर्व नोंदी शोधून प्रत्येकाला स्वतंत्र विचारणे, एवढेच करता येते.

ईमेल सेवांचा हस्तक्षेप :

सभासद व संस्था यांच्यामध्ये आता ईमेल सेवा देणाऱ्या कंपन्याही आल्या आहेत. बाहेर पडण्याचा पत्ता संदेशाच्या शीर्षभागात यंत्राला वाचता येईल अशा रीतीने द्यावा, हा तांत्रिक संकेत १९९८ मधील. २०१७ मध्ये त्याला एका टिचकीत नकार देण्याची जोड मिळाली. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू यांनी मोठ्या प्रेषकांवर हे बंधन घातले. जीमेलच्या व्याख्येत दिवसाला ५००० हून अधिक संदेश पाठविणारा तो मोठा प्रेषक. त्याचबरोबर स्पॅम-तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याची अटही आली. एक हजार सभासदांपैकी तिघांनी 'स्पॅम' म्हटले तरी मर्यादा गाठली जाते. दुवा लपवून सभासद टिकविण्याचा हिशेब त्यामुळे उलटा पडतो. बाहेर पडण्याची वाट न सापडलेला सभासद तक्रारीचे बटण दाबतो, आणि इतर सर्व सभासदांच्या नोटिसाही स्पॅमच्या कप्प्यात जाण्याचा धोका निर्माण होतो.

एका टिचकीच्या सोयीमागे आणखी एक तांत्रिक कारण आहे. अनेक कार्यालयांतील सुरक्षा-प्रणाली ईमेल सभासदापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिच्यातील प्रत्येक दुवा उघडून तपासतात. दुवा उघडताच नकार नोंदला जात असेल, तर सभासदाने वाचण्यापूर्वीच तो यादीतून बाहेर पडलेला असतो. म्हणून मजकुरातील दुवा उघडल्यावर आधी खात्रीचे पान दाखवावे आणि शीर्षभागातील नकार मात्र वेगळ्या प्रकारच्या विनंतीने घ्यावा, जी तपासणी-यंत्रे सहसा करीत नाहीत, अशी विभागणी रूढ झाली आहे.

दुवा व्यक्तीशी बांधलेला असतो, वाचणाऱ्याशी नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सभासदाने व्याख्यानाचे निमंत्रण मित्राला पुढे पाठविले आणि मित्राने तळाशी असलेल्या दुव्यावर टिचकी मारून खात्रीही दिली, तर वगळला जातो तो सभासद. संकेतशब्दाशिवाय स्वतःची पसंती बदलता यावी म्हणून सिव्हीसीआरएममध्ये सांकेतिक दुवाही पाठविता येतो; त्याची मुदत मूळ मांडणीत सात दिवसांची असते. तोही पुढे पाठविला गेला तर मित्राला सभासदाचा अर्ज भरलेल्या स्थितीत दिसू शकतो. नकार नोंदल्यावर सभासदाच्या मूळ पत्त्यावर पोच पाठविण्याची सोय प्रणालीत असते, ती याच कारणासाठी चालू ठेवावी. आपण न दिलेल्या नकाराची पोच हाती आली, तर सभासद त्याच दिवशी कार्यालयाला कळवू शकतो.